इलेक्टिव्हला अ‍ॅनेस्थेशिया: परळ, शीव की आपलंच कॉलेज?

पार्टवन_पार
एमबीबीएसचं थर्ड पार्ट वन सुटलं. इलेक्टिव्हच्या (आपण निवडलेल्या विभागात काम करायचा काळ) दुसऱ्या ब्लॉकला अ‍ॅनेस्थेशिया (भूल) नक्की केलंय, पुढे पीजीलाही हीच ब्रांच घ्यायचा विचार आहे. राहायला डोंबिवलीला. बाहेर जायचं तर परळच्या केईएम हॉस्पिटलची कार्डियाक ओटी (हृदयाचं ऑपरेशन थिएटर) किंवा टाटा कॅन्सर हॉस्पिटल डोक्यात आहे. मित्र म्हणतात, आपल्याच कॉलेजात कर, सही पटकन मिळते. पदरात जास्त कुठे पडेल?

जेआर३_भूल
कार्डियाक डोक्यातून काढ. एक बायपास म्हणजे सकाळचे तीन-चार तास तरी गेलेच, आणि तू कोपऱ्यात उभा. 15 दिवसांतून रविवार वजा कर, राहतात जेमतेम 13 दिवस. एवढ्यात खरं शिकायचं ते मास्क धरणं (बेशुद्ध पेशंटच्या नाकातोंडावर धरून बॅगने श्वास देणं), त्यामुळे छोट्या केसेस भराभर चालणारी लिस्ट (दिवसाच्या ऑपरेशन्सची यादी) बघ. जनरल सर्जरी किंवा गायनॅक उत्तम.

मास्क धरताना बहुतेकांची करंगळी आणि शेजारची दोन बोटं हनुवटीखालच्या मऊ भागावर दाबली जातात. त्याने जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट आणखी बंद होते. बोटं जबड्याच्या हाडावरच हवीत. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, जबडा मास्कमध्ये उचलायचा. छाती हलत नाही म्हणून बॅग जोरात पिळलीस तर हवा पोटात जाते. दाब 20 सेंमी पाण्याच्या आत ठेव. तरी जमत नसेल तर गुडेल (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली वाकडी नळी) घाल आणि दोन्ही हातांनी मास्क धर, बॅग दुसऱ्याला दे. दाढीवाले आणि बिनदातांचे आजोबा पहिल्या दिवशी मागू नकोस.

पीएसी_टेबल
वरच्याशी सहमत, पण आधी कागद. जीएमईआर 2023 (एमबीबीएसचे देशभराचे नियम) प्रमाणे इलेक्टिव्ह एक महिन्याचं, 15-15 दिवसांचे दोन ब्लॉक. पहिला प्री किंवा पॅराक्लिनिकल (वॉर्डाबाहेरचे मूलभूत विषय) नाहीतर संशोधनाकडे, दुसरा क्लिनिकल, आणि तो तुमच्या संस्थेने ठरवलेल्या यादीतून. बाहेरचं हॉस्पिटल त्या यादीत नसेल तर परस्पर बोलून उपयोग नाही. आधी आपल्या डीन ऑफिसात विचारा, मग तिकडच्या विभागप्रमुखांना पत्र. हजेरी 75 टक्के आणि लॉगबुक जमा झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. सह्या रोजच्या रोज घ्या. ज्यांच्या हाताखाली केस केली ते शेवटच्या दिवशी रजेवर असतात, हे ठरलेलंच.

आणि 15 पैकी दोन दिवस पीएसी (भूल देण्याआधीची तपासणी) ओपीडीला द्या. तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, मॅलमपाटी (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्याचा वर्ग) कितवा, हे पन्नास पेशंटमध्ये बघितलं की ओटीत कोणाची नळी अवघड जाणार याचा अंदाज आधीच येतो.

शीव_लोकल
टाटाचा मोह समजतो. गुटख्याने तोंड एका बोटाएवढंच उघडणारे पेशंट, मग जागेपणी नाकातून फायबरऑप्टिक दुर्बिणीने श्वासनळीत नळी. बघायला अप्रतिम, पण हात लावायला काही नाही. शीव हॉस्पिटलला ट्रॉमा (अपघाताच्या केसेस) भरपूर, तरी पोट भरलेल्या पेशंटच्या रॅपिड सिक्वेन्समध्ये (भूल देऊन झटपट नळी घालणं) विद्यार्थ्याच्या हाती लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घसा बघायचं उपकरण) कोणी देत नाही, आणि देऊही नये. पीजीला हीच ब्रांच हवी असेल तर असे एक-दोन दिवस बघून ये. मुक्काम मात्र रुटीन लिस्टवर.

पार्टवन_पार
म्हणजे आपलंच कॉलेज? आणि स्पायनल (पाठीच्या कण्यात सुई घालून खालच्या अंगाला द्यायची भूल) द्यायला मिळेल का?

जेआर३_भूल
लिस्ट चांगली असेल तर हो. स्पायनल देण्याचा हट्ट नको, दिल्यानंतरचं सांभाळायला शीक. सिझेरियनला पहिली 10-15 मिनिटं बीपी दर मिनिटाला. गार स्पिरिटच्या बोळ्याने भुलीची लेव्हल बघ, टी4 (साधारण स्तनाग्रांची पातळी) पर्यंत गारवा जाणवेनासा व्हायला हवा. उजव्या कुशीखाली वेज (उतरती उशी) आहे ना, हे तूच बघ. बीपी पडायच्या आधी बाई बहुतेकदा म्हणते, "मळमळतंय." तेव्हा मॉनिटर पुढच्या रीडिंगची वाट बघत असतो, तू बघू नकोस, लगेच सांग.

ओटीत लिस्ट सुरू व्हायच्या तासभर आधी पोच. भुलीच्या मशीनचा लीक टेस्ट, सक्शन, सोडालाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) रंग, सिलिंडरमधला दाब हे त्याच वेळात होतं, आणि रेसिडेंटला मदतीचा हात हवा असतो तोही तेव्हाच. डोंबिवलीहून परळला यायचं झालं तर फास्टने दादर, तिथून स्लो. साडेसातला ओटीचे कपडे घालून तयार राहायचं तर सव्वासहाच्या आतली गाडी.