किल्ले नसलेल्या देशातील गॉथिक कादंबरी

प्रश्न (खानापूर, एम.ए.ची विद्यार्थिनी): युरोपीय गॉथिक कादंबरीला (भय आणि गूढ यांवर उभ्या कादंबरीप्रकाराला) पडके किल्ले, मठ आणि सरंजामी घराणी लागतात. यांपैकी काहीच नसलेल्या अमेरिकेत हा प्रकार रुजला कसा, आणि त्यात स्वच्छंदतावादाचा (रोमँटिसिझम, म्हणजे भावना आणि कल्पनाशक्तीला महत्त्व देणाऱ्या साहित्यप्रवाहाचा) वाटा कोणता?

उत्तर (बेळगाव, निवृत्त प्राध्यापक): ताई, अमेरिकन कादंबरीकार चार्ल्स ब्रॉकडन ब्राउन यांनी ‘एडगर हंटली’च्या (१७९९) प्रस्तावनेत हाच विचार मांडला आहे: गॉथिक किल्ले सोडून मूळ रहिवाशांशी होणारे संघर्ष आणि पश्चिमेकडील अरण्यातील धोके हेच अमेरिकन लेखकाने विषय म्हणून घ्यावेत. पावसाळ्यात भीमगडच्या रानातील वाट चुकलेल्या माणसाला या भीतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या ‘वीलंड’मध्ये (१७९८) तर भय मनातच शिरते, नायक ईश्वरी आज्ञा समजून पत्नी आणि मुलांची हत्या करतो.

उत्तर (निपाणी): सरांच्या म्हणण्याला अमेरिकन कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न यांची जोड द्यावीशी वाटते. अमेरिकेतील सेलम येथे १६९२मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांत त्यांचे एक पूर्वज न्यायाधीश होते, त्यामुळे वारशाने आलेले पाप हाच त्यांच्या लेखनातील पडका वाडा झाला. ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’च्या (१८५१) प्रस्तावनेत ते ‘रोमान्स’ला (प्रेमकथा नव्हे, तर अद्भुताला वाव देणाऱ्या कथाप्रकाराला) कादंबरीपेक्षा अधिक कल्पनास्वातंत्र्य देतात, आपण विचारलेला स्वच्छंदतावाद माझ्या मते तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मात्र ब्राउन मूळ रहिवाशांनाच भयाचे रूप देतात, ही गोष्ट मला खटकते. प्रबंधात तिची स्वतंत्र चर्चा करीन.