परागकण फुटतात, पण परागनलिका येत नाही

प्रश्न:
सदाफुलीचे परागकण काचपट्टीवर साध्या पाण्यात टाकले की काही मिनिटांतच फुटून जातात. १०% साखरेच्या द्रावणात टिकतात, पण परागनलिका (कणातून फुटणारी बारीक नळी) अगदी मोजक्या कणांनाच येते. काय चुकतंय? आणि पुंयुग्मकं (नर जननपेशी) नलिकेतून पोहत जातात का?

प्रतिसाद १:
साध्या पाण्यात कण फुगून फुटतो. साखरेमुळे आत शिरणारं पाणी आवरतं. पण नुसत्या साखरेवर भागत नाही, बोरॉन आणि कॅल्शियम हवंच. ब्रूबेकर आणि क्वाक यांचं १९६३ चं द्रावण करा. १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक आम्ल १० मिग्रॅ, कॅल्शियम नायट्रेट ३० मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट २० मिग्रॅ, पोटॅशियम नायट्रेट १० मिग्रॅ. साध्या तराजूवर १० मिग्रॅ मोजता येत नाही. १ ग्रॅम बोरिक आम्ल १०० मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १ मिलि घ्या. बाकीच्या क्षारांचंही तसंच, फक्त वरच्या प्रमाणात जास्त मिलि घ्या.

फूल त्याच दिवशी उमललेलं हवं. सदाफुलीचे परागकोश फुलाच्या नळीच्या तोंडाशी आत दडलेले असतात. नळी सुईने उभी चिरा. काचपट्टी झाकणाच्या बशीत ओल्या टीपकागदावर ठेवा. थेंब आटला की साखर दाट होते आणि वाढ तिथेच थांबते.

प्रतिसाद २:
कण फार विरळ टाकू नका. एकटा पडलेला कण बहुधा रुजत नाही, दाटीतले रुजतात. कॅल्शियम पुरेसं असेल तर हा फरक बराच कमी होतो. सरावासाठी तेरडा घ्या, त्याची नलिका फार लवकर येते. मका नको, त्याचे कण झटकन मरतात.

प्रतिसाद ३:
सदाफुलीत पोहणं नाही. पुंयुग्मकांना कशाभिकाच (पोहायला लागणारे शेपटीसारखे तंतू) नसतात. नलिका वाढत जाते आणि त्यांना बीजांडापर्यंत पोचवते. सायकस आणि गिंको या झाडांत मात्र ती खरोखर पोहतात! गिंकोतली पोहणारी पुंयुग्मकं जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ हिरासे यांनी १८९६ मध्ये दाखवली. तिथे नलिका बीजांडाच्या ऊतींत मुळासारखी शिरून अन्न शोषते. कणाकडचं टोक फुगून फुटतं, पुंयुग्मकं द्रवात उतरतात आणि उरलेलं थोडंसं अंतर पोहून अंडपेशी गाठतात. म्हणजे नलिका आधी पोसणारी होती, वाहून नेण्याचं काम तिच्याकडे मागाहून आलं, असंच बहुतेक मानलं जातं. पाइनमध्ये ती वाहकच आहे, पण परागण ते फलन यात साधारण वर्ष जातं.

प्रश्नकर्ता:
आभार. रुजलेले कण मोजताना कुठला कण धरायचा?

प्रतिसाद १:
नलिका कणाच्या व्यासापेक्षा लांब असेल तोच. नुसता कोंब दिसला तर धरू नका. फुटलेल्या कणातून बाहेर आलेला गरही तसाच दिसतो.