मदत हवी आहे: ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाचं बिल आणि टिप

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात ओरलँडोला, वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाणं आहे. नागपूरहून आम्ही सात जण. पाच मोठे, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. मोठ्यांपैकी सासू-सासरे शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. दोन जेवणं मिकी-मिनी टेबलापाशी येतात तशा बुफेत करायची आहेत, बाकी काउंटरवरून घेऊन खाऊ.

अडलंय ते टिपपाशी. किती टक्के द्यायची? टॅक्स धरून की सोडून? बुफेत आपणच वाढून घेतो, तिथंही द्यावी लागते का? काउंटरवर काय करायचं? कार्डाने दिली तर नेमकं कुठं लिहायचं? आणि एका बुफेला सगळं मिळून किती रुपये धरून चालायचं? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

बर्डीवाला

ताई, तुमच्या बाबतीत किती टक्के हा प्रश्न बहुतेक उरतच नाही. डिस्ने वर्ल्डच्या टेबल सर्व्हिस हॉटेलांत सहा किंवा जास्त माणसं एका टेबलावर असली की १८ टक्के टिप बिलातच लागून येते. धाकट्याला सोडलं तरी तुम्ही सहा होता. बुफेलाही हेच लागू.

गडबड इथूनच सुरू होते. वेटर चामडी फोल्डरमध्ये बिल आणून देतो. त्यावर वरून खाली सबटोटल, टॅक्स, मग ग्रॅच्युइटी (तिथं टिपलाच म्हणतात) किंवा सर्व्हिस चार्ज १८ टक्के आणि शेवटी टोटल. तुम्ही कार्ड देता, तो स्वाइप करून दोन चिठ्ठ्या आणतो. एक मर्चंट कॉपी, एक कस्टमर कॉपी. मर्चंट कॉपीवर खाली पुन्हा एक रिकामी ओळ असते, टिप किंवा अ‍ॅडिशनल टिप. ती पाहून माणसाला वाटते की टिप द्यायची राहिली, आणि तो आणखी १८ टक्के लिहून मोकळा होतो. ती ओळ वरच्या १८ टक्क्यांवर आपल्या खुशीने काही द्यायचं असलं तर भरायची. द्यायचं नसलं तर तिथं आडवी रेघ मारा, खालच्या टोटलमध्ये वरचाच आकडा जसाच्या तसा लिहा आणि सही करा. टोटल रिकामी सोडायची नाही. सही केलेली मर्चंट कॉपी टेबलावर ठेवायची, कस्टमर कॉपी आपल्या जवळ.

चार-पाच माणसांचं टेबल असलं तर टिप लागून येत नाही, ती आपण लिहायची. तेव्हा १८ ते २० टक्के धरा. हिशेब सबटोटलवर करायचा, टॅक्स धरून नाही. एखादी सवलत मिळाली असेल तर सवलतीच्या आधीच्या रकमेवर करायचा, कारण वेटरने काम पूर्ण जेवणाचं केलेलं असते. आकडे दशांशासह मोकळे लिहा, टिंब ठळक द्या. १२.५० चे १२५० वाचले गेले तर निस्तरायला आठवडे जातात.

तर्रीपोहा

बर्डीवाल्या दादांनी चिठ्ठीचं नेमकं सांगितलं. मी रुपयांचा हिशेब मांडते.

बुफेचे भाव हॉटेलप्रमाणे आणि तारखेप्रमाणे बदलतात, नाताळात चढे असतात. तुमच्या तारखेचा भाव डिस्नेच्या साइटवर त्या हॉटेलच्या मेनूत पाहून घ्या. इथं फक्त रीत कळावी म्हणून मोठ्याचे ६० डॉलर आणि मुलाचे ४० डॉलर धरते. मुलांचा दर ३ ते ९ वयाला लागतो. तीनच्या आतल्याचं ताट लागत नाही, तो मोठ्यांच्या ताटातलं खातो, पण बुकिंग करताना त्यालाही माणसांत धरा, खुर्ची लागते.

पाच मोठे म्हणजे ३०० डॉलर, मुलीचे ४०, सबटोटल ३४०. यावर पार्क ज्या जिल्ह्यात येतात त्या ऑरेंज काउंटीचा सेल्स टॅक्स साडेसहा टक्के, म्हणजे २२.१०. (तो जिल्हाही संत्र्यांच्याच नावाचा, आपल्यासारखा.) १८ टक्के टिप ३४० वर, म्हणजे ६१.२०. एकूण ४२३.३०. मेनूवरच्या भावाच्या जवळपास सव्वापट. पार्कातल्या कुठल्याही टेबल सर्व्हिस जेवणाला मेनूचा भाव गुणिले १.२५ धरला की तुमचं बजेट बसते.

डॉलर ९० रुपयांचा धरला तर हे ३८,०९७ रुपये. इथं थांबू नका. आपल्याकडची बरीच क्रेडिट कार्डं परदेशी खर्चावर साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के, म्हणजे आणखी दीड हजाराच्या वर. कार्ड निवडताना हाच आकडा आधी पाहा. मशीनने रुपयांत भरता का असं विचारलं तर डॉलरच निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो महागच पडतो.

धंतोलीकर

खूप आभार दोघांचेही. सासरे म्हणतात की दोन बिलं वेगळी करून घेतली, चार आणि तीन अशी, तर १८ टक्के लागणार नाहीत. हे चालते का? आणि बुफेत सगळं आपणच आणायचं तर टिप एवढी कशाची, हाही त्यांचा प्रश्न आहे.

बर्डीवाला

बिलं वेगळी मिळतात, पण माणसं टेबलावरची मोजली जातात, बिलावरची नाही. त्यातून काही वाचणार नाही.

बुफेचं असं आहे की ताट तेवढं आपण भरतो. पाणी, सरबत, कोल्ड्रिंक वेटर आणतो आणि संपलं की पुन्हा भरतो. उष्टी ताटं तोच उचलतो, लहान मूल असलं की उंच खुर्ची, सांडलेलं पुसणं, मिकी कुठल्या टेबलापर्यंत आला हे सांगणं, सगळं त्याच्याकडे. बिनदारूची साधी पेयं बहुतेक बुफेत धरलेलीच असतात, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

फुटाळा_संध्याकाळ

काकांना दुसरी बाजूही सांगा, कारण ती कळली की टिप जड वाटत नाही. अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्याचा मूळ पगारच कायद्याने कमी धरलेला आहे. केंद्राच्या कायद्यात ताशी फक्त २.१३ डॉलर, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ओरलँडोचं राज्य फ्लोरिडा त्यापेक्षा बरं. तिथं किमान वेतन ३० सप्टेंबर २०२५ पासून ताशी १४ डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्याला मालक त्यातून ३.०२ डॉलर कापून १०.९८ देऊ शकतो. ती तूट टिपमधून भरून निघेल असं धरलेलंच असते. आपल्याकडे टिप म्हणजे बडीशेपेच्या वाटीत उरलेली चिल्लर, ती दिली काय नाही दिली काय, वेटरचा पगार तोच. तिथं ती पगाराचा भाग आहे. म्हणून सेवा बेताची वाटली तरी १५ च्या खाली जाऊ नये. खरोखरच वाईट वागणूक मिळाली तर मॅनेजरला बोलवा आणि तिथल्या तिथे सांगा. टिप शून्य करून निघून गेलात तर कारण कोणालाच कळत नाही.

काउंटरचं सोपं आहे. पार्कातल्या क्विक सर्व्हिसला टिप नाही, मोबाइलवरून ऑर्डर केली तरी नाही. मिकी-मिनी, फोटोवाले, राइडवरची पोरं यांनाही पैसे द्यायचे नसतात. बारमध्ये एका पेयाला एक-दोन डॉलर. डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-हॉटेलांच्या भागात मात्र बरीच दुकानं बाहेरच्या कंपन्यांची आहेत, तिथं काउंटरवरही टॅबलेट तुमच्याकडे वळवून १८, २०, २५ अशी बटणं दाखवतात. आइस्क्रीमच्या एका कोनासाठी त्यातलं काही दाबायची सक्ती नाही, 'नो टिप' बटण बाजूलाच किंवा खाली बारीक अक्षरात असते.

तर्रीपोहा

कार्डाबद्दल एक राहिलं. चार माणसांच्या टेबलावर टिप आपण लिहितो तेव्हा बँकेचा पहिला एसएमएस टिपशिवायच्या रकमेचा येतो. सही केलेली चिठ्ठी पाहून हॉटेल रक्कम नंतर वाढवते, आणि दोन-तीन दिवसांनी खात्यावर मोठा आकडा बसतो. हा फ्रॉड नाही, घाबरून कार्ड ब्लॉक करू नका. सुटीत कार्ड बंद पडलं तर मोठी पंचाईत. कस्टमर कॉपीचा फोटो काढून ठेवा आणि घरी आल्यावर स्टेटमेंटशी ताडून पाहा. फॉरेक्स कार्ड (आधी डॉलर भरून घेतलेलं) वापरत असाल तर बिलाच्या रकमेपेक्षा २० टक्के तरी जास्त शिल्लक ठेवा, नाही तर कार्ड नाकारलं जाऊ शकते. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, पीओएस (दुकानातलं स्वाइप मशीन) आणि ऑनलाइन दोन्ही.

नोटा घेताना फॉरेक्सवाल्याला एक, पाच आणि वीसच्या मागा. शंभराच्या नोटेतून टिप देता येत नाही.

गोरेवाडा_४२

शाकाहाराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'व्हेजिटेरियन' एवढ्याने तिथं अंडं वगळलं जात नाही. बुकिंगमध्ये आहाराच्या रकान्यात लिहा आणि टेबलावर पुन्हा स्पष्ट सांगा, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, चिकनच्या पाण्यात शिजवलेलंही नाही. सूप आणि भातात हेच पाणी असते. बुफेत शेफला बोलवायला सांगा, तो बाहेर येऊन काउंटरवर काय चालेल आणि काय नाही ते दाखवतो. यासाठी वेगळा आकार नाही.

पण खरं सांगू का, सासू-सासऱ्यांसाठी ६० डॉलरचा बुफे म्हणजे कोशिंबीर, पाव आणि फळांचे ६० डॉलर होऊ शकतात. तिथं वाटून खाता येत नाही, तीन वर्षांवरच्या प्रत्येकाचे पैसे लागतात. दोन्ही जेवणं बुफेत करण्यापेक्षा एक बुफे मुलांसाठी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या राहायच्या हॉटेलात, किदानी व्हिलेज भागातल्या साना रेस्टॉरंटला जा. मिकी तिथं येत नाही. पण तिथं ब्रेड सर्व्हिस मिळते, नानसारख्या पाच प्रकारच्या पोळ्या आणि सोबत नऊ चटण्या-लोणची-रायती. टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी तोडून खायचं. हे पार्काबाहेर, राहायच्या हॉटेलात आहे, पार्काचं तिकीट लागत नाही. अ-ला-कार्ट, म्हणजे पदार्थागणिक पैसे, असल्याने वाटून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही, आणि टिपही जे मागवलं त्याच्याच १८ टक्के लागते.

पाणी मागताना 'आइस वॉटर' म्हणा, ते फुकट. नुसतं 'वॉटर' म्हटलं की कधी बाटली येते आणि बिलात बसते. क्विक सर्व्हिसच्या काउंटरवरही बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की मिळतो.

बर्डीवाला

बुकिंगचंही पाहून घ्या ताई. टेबल ६० दिवस आधी उघडतात, तिथल्या पहाटे सहाला. २० डिसेंबरचं जेवण असलं तर तो दिवस २१ ऑक्टोबर, आणि तेव्हा अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असल्याने आपले दुपारचे साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर हेच साडेचार होतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदम घेता येतात. बेत बदलला तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करा. न सांगता गेलाच नाहीत तर माणशी १० डॉलर कार्डावर लागतात, काही ठिकाणी जास्त.

डिस्नेचा डायनिंग प्लॅन (जेवणांचे पैसे आधीच भरायची योजना) घेणार असाल तर टिप त्यात नसते. तुमच्या टेबलावर १८ टक्के वेगळे लागतील. हूप-डी-डू हा जेवणासोबतचा शो मात्र टॅक्स आणि टिप धरूनच विकतात, तिथं वर काही द्यायचं नाही.

रामदासपेठ_एक्सप्रेस

याच धाग्यात विचारतो. आमचं फेब्रुवारीत सिंगापूर आहे, आणि त्याआधी सोसायटीचे बारा जण खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार. तिथंही असंच का?

फुटाळा_संध्याकाळ

नाही भाऊ. सिंगापुरात मेनूवर भावापुढं दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी, म्हणजे १०० चे ११९.९०. त्यावर टिप देत नाहीत. (पुढं कोणी जपानला जाणार असेल तर टोकियोच्या डिस्नेत टिप ठेवूच नका, वेटर ती परत द्यायला मागे येतो. पॅरिसला सेवा भावातच धरलेली असते.)

आपल्याकडे गणित उलटं आहे. बारा जण असोत की बावीस, कोणतंही हॉटेल सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू शकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. दुसऱ्या कुठल्या नावाने लावला तरी तेच, आणि त्या चार्जवर जीएसटी तर मुळीच नाही. आधी शांतपणे काढून मागा. नाही काढला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल जपून ठेवा, तक्रारीला तेच लागते. जीएसटी साध्या हॉटेलात ५ टक्के असते, ती द्यावीच लागते. टिप आपल्या मनाने, आणि दिली तर वेटरच्या हातात.

धंतोलीकर

गोरेवाडा दादा, सानाचं डोक्यातच नव्हतं, एक बुफे रद्द करून तेच ठरवते. शेवटचं एक. सासूबाई सोबत चिवडा, ठेपले, शेंगदाण्याची चटणी घेणार म्हणतात. पार्कात नेऊ देतात का? आणि मुलीला संत्री न्यायची आहेत.

गोरेवाडा_४२

पार्कात घरचं खाणं नेऊ देतात. काचेची बरणी नको, सुटा बर्फ नको, आणि डबा-पिशवी २४ बाय १५ बाय १८ इंचांच्या आत. गरम करून लागेल असं काही नेऊ नका. चिवडा-ठेपल्यांवर दुपार निघते, मग काउंटरवर मुलांपुरतंच घ्यावं लागेल. अमेरिकेत उतरताना खाण्याचं सगळं जाहीर करा. संत्री मात्र नागपुरातच खाऊन घ्या, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता नेली तर दंड होतो.