वरच्या मजल्याच्या डीबीसाठी वायर ६ ची की १० ची?

वरचामजला: मेन डीबीपासून (डीबी म्हणजे घरात वीज वाटणारी पेटी) वरच्या मजल्यावर नवीन छोटी डीबी बसवतोय. सिंगल फेज, 230 व्होल्ट, पाइपमधून सुमारे 40 मीटर अंतर. दोन एसी (प्रत्येकी 8 अँपिअर), 2000 वॉटचा गिझर, 2000 वॉटची इंडक्शन, बाकी दिवे-पंखे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, 6 स्क्वेअर एमएम तांबं आणि 40 ची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पुरे. कोणती वायर किती करंट सोसते त्या तक्त्यातही 6 ला 41 अँपिअर दिसतात. मग अडचण काय?

तारयंत्री: तक्त्याच्या वर बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. ते 41 अँपिअर 30 अंशांना, पाइपात एकच सर्किट धरून. गरम स्लॅबखालून पाइप गेला आणि आत 40 अंश झाले, तर पीव्हीसी वायरला 0.87 ने गुणायचं. उरले जेमतेम 36. तुमचा लोडही तेवढाच. आणि 40 ची एमसीबी 45 अँपिअरवरही तासभर पडत नाही, ती तशीच बनवलेली असते. म्हणजे वायर भाजत राहणार आणि एमसीबी गप्प! एमसीबी गिझरसाठी नसते हो, वायर वाचवायला असते.

कमीखर्च: सगळं एका वेळी थोडंच चालतं? 6 वर 32 ची एमसीबी लावा, विषय संपला.

तारयंत्री: वायर सुरक्षित राहील, मान्य. पण थंडीत सकाळी गिझर, इंडक्शन आणि एक एसी हीटिंगवर, आणखी एक-दोन मोठी उपकरणं लागली की ट्रिप होऊ शकते. शिवाय 40 मीटर म्हणजे जाऊन-येऊन 80 मीटर तांबं. 6 चा रोध किलोमीटरला 3.08 ओहम, म्हणजे 36 अँपिअरला जवळजवळ 9 व्होल्ट वाटेतच गेले. वाटेत 3 टक्केच व्होल्टेज घटावं अशी मर्यादा धरली तर जेमतेम 7 चालतात. 10 च्या वायरला हेच 5 च्या आसपास येतं (वायर तापली की दोन्ही आकडे थोडे वाढतात). मी 10 च ओढेन, वर 40 ची एमसीबी. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या वायरीही 10 च्याच.

वरचामजला: ॲल्युमिनियम घेतलं तर?

तारयंत्री: एक साइज वर, 16. शिवाय बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारी टोकं) लागतात. घरात मी तरी तांबंच घालतो.

आणि काम चालू असताना दोन गोष्टी स्वतः बघा. नव्या डीबीत न्यूट्रल पट्टी आणि अर्थिंगची पट्टी वेगळ्या, एकमेकींना जोडायच्या नाहीत. दुसरं, 10 ची वायर एमसीबीच्या भोकात बसेना की काहीजण कटरने दोन-चार तारा छाटतात. दिसत काही नाही, पण तिथेच टर्मिनल काळं पडतं. सोललेल्या टोकावर फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून घट्ट बसवून घ्या आणि बसत नसेल तर टर्मिनल मोठं असलेली एमसीबी मागवा.

वरचामजला: फेरूल मागवतो. इलेक्ट्रिशियनला 10 चं बंडल आणायला सांगितलंय, तोंड वाकडं केलं त्याने.