पहिला हिवाळा, सेकंडहँड ओडिसी, सोबत सासू-सासरे: टायर बदलू की गाडीच बदलू?

मिसिसागाची_नवखी
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नाशिकहून कॅनडात मिसिसागाला आलो आणि सेकंडहँड होंडा ओडिसी घेतली. मुलगी तीन वर्षांची, मुलगा सात. डिसेंबरात सासू-सासरे येताहेत आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन नणंदेकडे ऑरिलियाला जायचंय. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, त्यामुळे गाडी मीच चालवणार. ऑफिसात सगळे म्हणतात, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर फक्त पुढच्या चाकांना) व्हॅन बर्फात चालत नाही, विकून ऑल व्हील ड्राइव्ह (जोर चारही चाकांना) घे. ज्याच्याकडून घेतली तो म्हणतो, ऑल सीझन टायर नवे आहेत, काही करायला नको. कसारा घाटात भर पावसात गाडी चालवलीय, पण बर्फावर कधीच नाही. कुणाचं ऐकू?

ब्रॅम्प्टनकर
आमच्याकडे ऑल व्हील ड्राइव्हची सिएना आहे. चढावरून निघताना फरक पडतो हे खरं. बजेट असेल तर विचार करा.

बॅरीची_काकू
अगं, गाडी विकू नकोस. तेच पैसे चार चांगल्या विंटर टायरना घाल, तेही वेगळ्या स्टीलच्या रिमवर, म्हणजे दर मोसमाला रबर उतरवायची कटकट नाही. मी या भागात वर्षानुवर्षं फ्रंट व्हीलची व्हॅनच चालवतेय, आधी मुलांना घेऊन आणि आता नातवंडांना.

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून हलवते, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उतारावर सिग्नल लाल झाला की पाच माणसं आणि बॅगा भरलेली दोन टनांहून जड व्हॅन थांबते ती फक्त टायरच्या पकडीवर. ऑल सीझनचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं, आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल थिजतं ना, तसं. नवं असलं तरी कडक ते कडकच. विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं. विकत घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघ. नुसतं एम आणि एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ती बर्फावरच्या चाचणीची खूण नव्हे.

आणि घेशील तर चारही घे. पुढची दोनच बदलली तर पुढचा भाग पकडतो, मागचा सुटतो आणि ब्रेक मारताच व्हॅन गर्रकन फिरते.

हवा महिन्यातून एकदा तपास, सकाळी गाडी थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. सप्टेंबरात 20 अंशांत भरलेली हवा उणे 15 ला सहाएक पीएसआयने उतरलेली असते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

पहिला बर्फ पडला की एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये एकटी जा आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाब. पाय थरथरेल, कडकड आवाज येईल. ते एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम चाललंय. घाबरून पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा. हा अनुभव मुलं मागे बसलेली असताना पहिल्यांदा येऊ नये.

ऑटव्याचा_विश्वास
काकूंशी शंभर टक्के सहमत. आमच्या नदीपलीकडे क्युबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आपल्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण विम्यात सवलत मिळते. विमा कंपनीला नक्की फोन करा. आणि टायर बसवायची वेळ ऑक्टोबरातच घ्या. पहिला बर्फ पडला की गॅरेजला रांगा लागतात.

मिसिसागाची_नवखी
खूप आभार, काकू! टायर घेतेच. ऑरिलियाच्या रस्त्याचं काय? आणि मुलांना जाड जॅकेट घालूनच कार सीटमध्ये बसवू ना? सासूबाई थंडीच्या बाबतीत फार काळजी करतात.

बॅरीची_काकू
जॅकेट घालून बसवायचं नाही, यात तडजोड नको. एकदा घरीच करून बघ: मुलीला फुगीर जॅकेटसकट बसव, पट्टा घट्ट ओढ, मग पट्टा न हलवता सोडव, जॅकेट काढ आणि परत अडकव. खांद्यापाशी केवढी जागा सुटते ते सासूबाईंनाही दाखव. धडकेत ते जॅकेट चेपतं आणि लेकरू तेवढं पुढे फेकलं जातं. पातळ लोकरीचा स्वेटर घालून पट्टा लाव, मग जॅकेट उलटं करून वरून पांघर. सासू-सासऱ्यांनीही कोटाची चेन उघडून पट्टा कोटाखालून, कमरेच्या हाडावर घ्यावा. मागच्या खड्ड्यातलं सामान तिसऱ्या रांगेच्या पाठीपेक्षा वर जाऊ देऊ नकोस.

निघण्याआधी छतावरचा बर्फ पूर्ण काढ. व्हॅन उंच असते, लांब दांड्याचा ब्रश घे. राहिलेला थर गाडी गरम झाली की पहिल्याच ब्रेकला समोरच्या काचेवर येतो. सायलेन्सरचं तोंडही मोकळं कर. ते बर्फाने बुजलं आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, वास येत नाही.

ऑरिलियाच्या वाटेत हायवे 400 वर बॅरीच्या आसपास जॉर्जियन बेवरून बर्फाचे लोट येतात. मिसिसागात ऊन असतं आणि इथे समोरची गाडी दिसत नाही. म्हणून निघताना 511 वर (ऑन्टॅरिओची रस्त्यांची माहिती देणारी सेवा) रस्त्याची स्थिती बघ. स्नो स्क्वॉलचा, म्हणजे अशा बर्फाच्या लोटांचा, इशारा असेल तर जाणं दुसऱ्या दिवशी ढकल, नणंद समजून घेईल. हेडलाइट स्वतः लाव. दिवसाचे आपोआप लागणारे दिवे पुढेच असतात, बऱ्याच गाड्यांत मागचे लागत नाहीत. क्रूझ कंट्रोल बंद. निळे दिवे लावलेला बर्फ हटवणारा नांगर (ट्रक) पुढे असेल तर त्याच्या मागे राहा, ओलांडू नकोस.

मिसिसागाची_नवखी
सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं, फोनवर. जॅकेटचं पटलं त्यांना. एक शेवटचं: सरकती दारं गोठतात असं ऐकलं?

बॅरीची_काकू
गोठतात. नोव्हेंबरात रबराच्या पट्ट्या पुसून सिलिकॉनचा स्प्रे मार. तरी चिकटलं तर बटण दाबत राहू नकोस, मोटर जाते. बाहेरून तळहाताने दार आत दाब, थर तडकतो, मग हाताने सरकव. गरम पाणी अजिबात ओतायचं नाही, ते लगेच परत गोठतं.