मदत हवी आहे: उन्हाळ्यात करडांची वाढ थांबते, बोकड कळपात नेमका कधी सोडावा?

नमस्कार.

सांगोला तालुक्यात आमच्या २२ उस्मानाबादी शेळ्या आणि सात माडग्याळ मेंढ्या आहेत. प्रत्येक करडू गोणपाटाच्या झोळीत घालून काट्याला टांगायचे आणि वजन वहीत लिहायचे, हा क्रम तीन वर्षे पाळला आहे आणि त्या वहीनेच मला कोड्यात टाकले आहे.

नोव्हेंबरात जन्मलेली करडे तीन महिन्यांत साधारण ९.५ किलोंची होतात. फेब्रुवारीअखेरची करडे जन्मतः तेवढीच, म्हणजे २.२ किलोंच्या आसपास भरतात आणि मार्चभर चांगली वाढतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र काटा जवळजवळ जागचा हलत नाही. जूनच्या करडांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. ती जन्मतःच हलकी असतात (गेल्या वर्षी जुळ्यांतले एक जेमतेम १.४ किलो भरले) आणि पावसाळ्यातला हिरवा चारा मिळूनही मागेच राहतात. गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते आणि त्यांच्या आयांनी तो काळ एप्रिल-मेच्या उन्हात काढलेला असतो. म्हणजे फेब्रुवारीच्या करडांना ऊन जन्मानंतर लागते आणि जूनच्यांना आईच्या पोटातच, असा माझा समज झाला आहे.

लेंड्या दोनदा तपासून घेतल्या, जंत किंवा रक्ती हगवण यांपैकी काही निघाले नाही. लसीकरणही वेळेवर झालेले आहे. खुराक वाढवून पाहिला, पण दुपारी त्याला तोंडच लागत नाही. दोन वाजता गोठ्यात गेलो की करडे भिंतीच्या वीतभर सावलीत धापा टाकत असतात, कोकरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी असतात, आणि एका करडाची कूस मी मोजली तेव्हा मिनिटाला ११० वेळा हलत होती. पत्र्यावर उसाचे पाचट पसरले, कडबा रात्री आणि शेवरीचा पाला पहाटे द्यायला सुरुवात केली. त्याने थोडा फरक पडला, पण तो थोडाच.

त्यामुळे सगळी वेते नोव्हेंबर-डिसेंबरातच यावीत असे वाटते. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने त्यासाठी बोकड जून-जुलैत सोडावा लागेल, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. गेल्या जूनमध्ये सोडला तेव्हा २२ पैकी नऊच शेळ्या गाभण राहिल्या. बाकीच्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, त्यांतल्या बहुतेक सप्टेंबरअखेर गाभण राहिल्या आणि पुन्हा फेब्रुवारीचीच करडे झाली. बोकडाचे वीर्य तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात, म्हणून मेच्या उन्हाचा फटका जूनमध्ये त्यालाही बसत असावा.

माझे प्रश्न असे आहेत. बोकडाला एप्रिलपासून वेगळे, गार जागी ठेवून कोणी जूनमध्ये चांगला गाभण दर मिळवला आहे का? की सरळ जुलैअखेरपर्यंत थांबावे आणि डिसेंबरअखेरच्या थंडीत करडे जपावीत? ज्यांनी दोन्ही करून पाहिले आहे, त्यांनी गाभण राहिलेल्या शेळ्यांचा आकडा आणि करडांची तीन महिन्यांची वजने सांगितल्यास फार उपकार होतील. बोकड सध्या बांधलेलाच आहे आणि मृग लागण्यापूर्वी मला हे ठरवायचे आहे.