मदत हवी आहे : सांगलीहून रत्नागिरीचं मत्स्यालय, सोबत स्वमग्न मुलगा आणि सातवीतली लेक

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही घरची पाच माणसं रत्नागिरीचं मत्स्यालय बघायला जायचं म्हणतोय. मी, हे, सासूबाई, सातवीतली लेक आणि आठ वर्षांचा मुलगा.

मुलगा स्वमग्न आहे. बोलतो अगदी थोडं. पण मासे दिसले की त्याचा जीव तिथेच रमतो. विश्रामबागेत शोभेच्या माशांचं एक दुकान आहे. तिथले दादा त्याला स्टूल देतात आणि एरवी पाच मिनिटं एका जागी न टिकणारा हा मुलगा टाकीसमोर अर्धा-पाऊण तास बसून राहतो. मोठ्या टाक्या, समुद्रातले मासे त्याने अजून पाहिलेले नाहीत. मुंबईचं तारापोरवाला १९५१ सालचं, आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती, पण ते आता बंद आहे. म्हणून झाडगावचं, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं ठरवलं.

काळजी आवाजाची आहे. बंद खोलीत दहा-वीस मुलं एकदम ओरडली की तो कान दाबून खाली बसतो आणि मग त्याला सावरायला वेळ लागतो. गर्दी कमी असते असा वार, अशी वेळ कुणी सांगेल का? दुसरं म्हणजे त्याला काचेवर बोटांनी ताल धरायची सवय आहे. खोडी म्हणून नाही, त्याने त्याला शांत वाटतं. पण माशांना त्याचा खरंच त्रास होतो का? होत असेल तर त्याचा हात न ओढता काय करता येईल?

आणि आता लेकीबद्दल, कारण तिच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. आजवर कुठेही गेलो तरी भाऊ बिथरला की दिवस तिथेच संपतो. ही काही न बोलता पिशव्या उचलते आणि गाडीत जाऊन बसते. तिला समुद्र बघायचाय, वाळूत संध्याकाळपर्यंत बसायचंय. हा दिवस तिचाही व्हावा असं मला फार मनापासून वाटतं. ते कसं जमवावं? तिचा स्वतःचा एक प्रश्नही आहे : आपल्या कृष्णेतला मरळ तिथल्या समुद्राच्या टाकीत सोडला तर जगेल का?

प्रतिसाद : झाडगावकर

ताई, जरूर या. रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यातला मधला वार बरा. उघडल्या उघडल्या आत शिरा. निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. जागा फार मोठी नाही, तासाभरात आरामात बघून होते, तुमच्या मुलाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. संग्रहालयात व्हेलचा सांगाडा आहे, तो लेकीला नक्की दाखवा.

पण एका दिवसात जाऊन येऊ नका. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करत एका बाजूने साधारण पावणेदोनशे किलोमीटर होतात. आदल्या दिवशी येऊन मुक्काम करा, म्हणजे सकाळी पोरगा ताजातवाना असेल.

प्रतिसाद : मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी

लेकीचा प्रश्न फार आवडला. मरळ जगणार नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सारखं आत शिरत राहतं आणि तो ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथे सगळं उलटं होतं, अंगातलं पाणीच बाहेर ओढलं जातं. समुद्रातला मासा म्हणून खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. मरळीकडे ती सोय नाही.

काचेचं म्हणाल तर हो, त्रास होतो. पाण्यात आवाज सेकंदाला जवळपास १५०० मीटर जातो, हवेत साधारण ३४०. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक संवेदी रेषा असते, तिने त्याला पाण्यातली बारीक थरथरही कळते. म्हणजे टकटक तो नुसती ऐकत नाही, ती त्याच्या अंगाला जाणवते. तुमच्या मुलाला आवाज जसा सोसवत नाही, तसंच काहीसं. त्याला त्याच्या पद्धतीने हे सांगून बघा, माझ्या मते त्याला ते इतरांपेक्षा लवकर कळेल.

प्रतिसाद : मिरजेचा बाबा

माझी मुलगीही स्वमग्न आहे, आता मोठी झाली. ताल धरायला हात लागतोच, तो थांबवू नका, त्याला दुसरी जागा द्या. आम्ही प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण गळ्यात दोरीने अडकवून द्यायचो. घरी आठवडाभर त्यावरच सवय करा. आवाज अडवणारे हेडफोनही आधी घरी घालून बघा, तिथे पहिल्यांदा काढले तर तो फेकून देईल. आणि फोटोंची एक वही करा : आपली गाडी, घाट, तिकिटाची खिडकी, अंधारी खोली, टाक्या, परत गाडी. रोज रात्री एकदा चाळा. बाहेरच्या उन्हातून एकदम अंधारात नेऊ नका, दारात थोडं थांबा.

लेकीसाठी एकच सांगतो. तो बिथरला तर त्याच्याजवळ कोण थांबणार आणि तिच्याबरोबर कोण राहणार, हे घरून निघतानाच ठरवा आणि तिला तसं तोंडाने सांगा : "काही झालं तरी तुला उठावं लागणार नाही." आम्ही हे ठरवल्यापासून माझा मोठा मुलगा सहलीचं नाव काढलं की स्वतः पिशवी भरायला लागला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं घरी मोठ्याने वाचलं. मुक्काम करायचं ठरलं. मुलाबरोबर मी थांबणार, हे आणि सासूबाई लेकीला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जाणार, तिकडे काहीही झालं तरी. लेकीला सांगितलं तर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मरळीचं उत्तर तिने वहीत उतरवून ठेवलंय.

आता एकच राहिलं. सासूबाईंना घाटात मळमळतं आणि गुडघ्यांमुळे खाली बसायचं शौचालय चालत नाही. आंबा घाट उतरल्यावर साखरप्यापासून हातखंब्यापर्यंत कमोड असलेलं, स्वच्छ, थोडा वेळ टेकता येईल असं हॉटेल कुणाच्या पाहण्यात आहे का?